खारपिंप्रीच्या बारा बाटल्या

१

"कोणीतरी गोळ्या बदलल्यात, खंडारे साहेब," डॉ. रागिणी गावंडे म्हणाल्या आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला.

मी कागद लगेच वाचला नाही. अकोल्यातल्या जठारपेठेतून सकाळची गाडी पकडून, बडनेऱ्याला उतरून, तिथून ऑटोत आदळत मी अमरावतीच्या त्या धर्मादाय रुग्णालयात पोचलो होतो आणि माझा डावा गुडघा अजून ऑटोतच होता. वय त्रेसष्ट, साखर जुनी. एकतीस वर्षं सरकारी औषध निरीक्षक म्हणून दुकानदारांच्या कपाटात नाक खुपसल्यावर माणसाला नवीन चोरीचं कौतुक राहत नाही. पण रुग्णांवर नवं औषध तपासायचं तर त्यांच्या हितासाठी एक समिती लागते, तीत बाहेरचा एक माणूस लागतो, आणि तो बाहेरचा माणूस मी होतो. चार वर्षं माझं काम सह्या करणं आणि समोसा खाणं एवढंच होतं.

खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या आजारावर एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. नऊ गावं, दोनशे चाळीस रुग्ण. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाची कुठली हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. प्रत्येक बाटलीवर फक्त नंबर. खऱ्या नंबरांची यादी बंद पाकिटात. ऐकायला निर्दय वाटतं, पण गोळीने गुण आला की नुसत्या आशेने, हे दुसऱ्या कुठल्या रीतीने कळत नाही.

"बाहेरच्या प्रयोगशाळेने सगळ्यांच्या रक्तात औषध किती, ते मोजलं आणि पाकिटातल्या यादीशी ताडून पाहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "आठ गावं बरोबर. खारपिंप्रीचे बारा रुग्ण मात्र सगळे चुकले. ज्या सहा जणांना कोरी गोळी, त्यांच्या रक्तात औषध सापडलं."

"आणि खरी गोळीवाले सहा?"

"त्यांच्यात निम्मंच. गोळी बनवणाऱ्या कंपनीला शनिवारपर्यंत दोषी माणूस हवा आहे. नाहीतर नऊही गावांतला अभ्यास बंद. त्या गावात बाटल्या नेते ती आमची नर्स, नीलम तायडे. शनिवारच्या बैठकीत तिला काढून पोलिसात द्यायचं, हे ठरल्यासारखंच आहे."

"तुम्हाला पटतं?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई महिनाभर झोपल्या नसाव्यात. "नाही पटत. पण मी काय करू? ती स्वतःच म्हणते, जे करायचं ते करून टाका."

त्या दिवशी मंगळवार होता.

२

औषधसाठा अंकुर बोबडेच्या ताब्यात होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, आणि माझ्यावर आधीच रागावलेला.

"दोन कुलपं हायेत, साहेब. एक चाबी माह्याजवळ, एक मॅडमजवळ. इथून बाटली सीलबंद जाते. मंग तिकडं काय होते, थे मले कावून इचारता?"

मी रुग्णांकडून परत आलेल्या बाटल्या मागितल्या. बाटलीत साठ गोळ्या असत. दिवसाला दोन, अठ्ठावीस दिवसांनी नवी बाटली, म्हणजे जुनीत चार उरायला हव्यात. इतर गावांच्या बाटल्यांवर अंकुरने मोजून लिहिलेलं होतं: सात, पाच, अकरा, सहा. माणसं गोळी विसरतात, मीही विसरतो. खारपिंप्रीच्या बाराही बाटल्यांवर मात्र चार लिहिलं होतं. त्याआधीच्या महिन्यातही बारा वेळा चार.

"गाव लय शिस्तीचं हाये," अंकुर म्हणाला.

मी एक बाटली उघडून नाकाशी नेली. ओव्याचा वास. दुसरी उघडली. ओवा. बारावीपर्यंत ओवाच.

"मसाल्याच्या डब्यापाशी ठेवत असतीन," अंकुरने खांदे उडवले. "खेड्यातले लोक हायेत."

बारा घरं, आणि बाराही घरांत बाटली ओव्यापाशीच? मी बाटल्यांची झाकणं परत लावली.

जीपचा ड्रायव्हर देवमन आवारातल्या लिंबाखाली बसला होता. त्याला बोलतं करावं लागलं नाही, थांबवावं लागलं.

"पेटीले कुलूप असते अन् चाबी तिच्या गळ्यात. मी हातबी लावत नाई. पन एक सांगतो साहेब, तुमाले म्हनून. पयले अर्ध्या घंट्यात काम व्हायचं. संक्रांतीपासून घंटा-दीड घंटा आतच बसते थे भागीरथाबाईच्या घरात. मले म्हन्ते, तुमी बाहेरच थांबा. एक डाव तं रडत आली. इचारलं तं म्हने, डोळ्यात कचरा गेला."

"अजून काही?"

"तिथं पानी मागू नका. मोजून देतात लोक."

नीलम तायडे अठ्ठावीस वर्षांची, चांदूर रेल्वेची. तिचे वडील याच आजाराने गेले, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती समोर बसली ती हात मांडीवर घट्ट धरून. मी तीनच प्रश्न विचारले.

"गोळ्या तुझ्या हातून बदलल्या?"

"नाही."

"तुला न कळता बदलल्या?"

तिने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"मग कोणी?"

"साहेब, तुमाले काय लिवायचं थे लिवा. नोकरी गेली तं जाईन. पन मले कोनाचं नाव सांगायचं नाई."

म्हणजे नाव होतं. आणि ते झाकण्यासाठी ही पोरगी तुरुंगात जायला तयार होती.

३

बुधवारी देवमनने मला खारपिंप्रीला नेलं. दर्यापूरच्या अलीकडे डांबर सोडलं की काळी जमीन सुरू होते, तिच्यावर उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर धरतो. विहिरीला पाणी आहे, पण ते ढोरही धड पीत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसांनी मात्र ते प्यायलं.

भागीरथाबाई सरकटे साठीच्या होत्या. पाण्याच्या समितीच्या अध्यक्ष, आणि बारा रुग्णांपैकी एक. चेहरा सुजलेला, पायांवर इतकी सूज की चपलेचे पट्टे कात्रीने कापून मोकळे केले होते. त्यांनी मला अर्धा पेला पाणी दिलं. मी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. परगावचं पाणी पिऊ नका असं माझा डॉक्टर सांगतो. बाईंनी पेल्याकडे पाहिलं, उरलेलं पाणी उचलून पुन्हा झाकून ठेवलं. मला उगाच कानकोंडं झालं.

मग बाकीच्या रुग्णांची घरं फिरलो. नत्थुजी गावंडे म्हणून एक म्हातारे शेतकरी भेटले. डॉक्टर त्यांच्याच भावकीतली, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. शालू नावाची सव्वीस वर्षांची बाई भेटली, कडेवर वर्षाचं लेकरू, ओठ पांढुरके. प्रत्येक घरात मी एकच विचारलं.

"गोळ्या कुठं ठेवता?"

"हायेत न घरात," नत्थुजी म्हणाले. कोनाड्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं ओळीनं होती. अभ्यासाची बाटली नव्हती.

"हाये न," शालू म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे दारात भागीरथाबाई उभ्या होत्या. शालूच्या कोनाड्यातही बाटली नव्हती.

"दाखवतेस?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. टँकर आला होता. सगळं गाव उठून चाललं, आणि माझा प्रश्न तिथेच राहिला.

मी एकतीस वर्षांत बऱ्याच गावांचे टँकर पाहिलेत. भांडणं, ड्रम, ओढाताण, एकदा तर फुटलेलं डोकं. इथे कोणी पळालं नाही. टँकरची नळी सरळ गावातल्या बौद्ध विहारामागच्या सिमेंटच्या टाकीत सोडली. टँकर रिकामा होऊन गेल्यावर भागीरथाबाई टाकीपाशी एक पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन बसल्या. भिंतीवर घरांची यादी. माणशी एक गुंड. सरपंचाच्या घरी माणशी एक आणि वस्तीच्या टोकाच्या झोपडीतही माणशी एकच.

"पयले असं नव्हतं," नत्थुजी माझ्याशेजारी टेकत म्हणाले. "ज्याच्या दाराशी टँकर उभा राह्यला, त्याचं घर भरे. दुसऱ्याच्या घरी थेंब नाई. लय मारामाऱ्या झाल्या. आमचे लोक, त्याईचे लोक, सारेच लढले. मंग भागीरथानं टाकी काढली. म्हने, आलं थे सारं एका जागी ओता अन् सारखं वाटा. कोनाले किती भेटन, थे टँकरवाल्यानं कावून ठरवायचं?"

मी उठून उभा राहिलो. गुडघा दुखला, तिकडे लक्ष नव्हतं. कोडं सुटलं होतं. आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्याच वेळी वाटलं.

४

"भागीरथाबाई, ओव्याचा डबा काढा," मी त्यांच्या घरी परत येऊन म्हटलं.

त्यांनी हातातला गुंड खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कसं समजलं?"

"अंकुरने खऱ्या गोळ्या चोरल्या असत्या, तर रक्तातलं औषध कमी झालं असतं. कोऱ्या गोळीवाल्यांच्या रक्तात ते आलं नसतं. देवमनने किंवा नीलमने बाटल्यांची अदलाबदल केली असती, तर कोणात पूर्ण औषध सापडलं असतं, कोणात शून्य. तुमच्या गावात शून्य कोणी नाही आणि पूर्णही कोणी नाही. कोणात थोडं कमी, कोणात थोडं जास्त, पण सगळे मधेच. म्हणजे बाटल्या नाही बदलल्या, गोळ्याच मिसळल्या. मग प्रत्येक बाटलीत चारच कशा उरतात, तेही समजलं. बारा घरांत कोणी ना कोणी विसरतंच. पण एका हाताने मोजून वाटल्या की कोणी विसरत नाही. आणि बाराही बाटल्यांना ओव्याचा वास येतो. घरं बारा असली तरी डबा एकच आहे."

बाईंनी फळीवरून स्टीलचा डबा उतरवला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमागे लपवलेला होता. आत शेकडो पांढऱ्या गोळ्या, सगळ्या सारख्या.

"नीलमनंच वाचून दाखोलं होतं आमाले," त्या म्हणाल्या. "अर्ध्याईले खरी, अर्ध्याईले खोटी. कोनाची कोनती, थे कोनालेच ठाऊक नाई. घरी येऊन इचार केला. म्हटलं, हे तं टँकरच झालं न बापा. मंग साऱ्या बाटल्या याच्यात ओतल्या. कोनी सकाळी येतात, कोनी संध्याकाळी, मी दिवसाच्या दोन-दोन देतो. म्हयना झाला का चार-चार मोजून बाटल्याईत भरतो. खरी आली तं खरी, खोटी आली तं खोटी. पन साऱ्याईले सारखी."

मी खाटेवर बसलो. हे ऐकताना मला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण ते वाचून दाखवायला मीच लावलं होतं. दीड वर्षापूर्वीच्या बैठकीत टेबल आपटून मी म्हटलं होतं, इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेऊ नका, लोकांना त्यांच्या बोलीत नीट समजावून सांगा. त्यांनी नीट सांगितलं. लोकांना नीट समजलंही.

"नीलमला कधी कळलं?"

"संक्रांतीले. डबा दिसला तिले. लय रडली. म्हने, मावशी, हे सांगतलं तं तुमी बाराही बाहेर, गोळी बंद. नाई सांगतलं तं अभ्यास खोटा. दर म्हयन्यात येऊन मले समजावे, का ज्याची त्याले देऊन टाक. मी म्हनो, कोनाची कोनती थे आता देवालेबी नाई सांगता येत."

"शनिवारी तिला पोलिसात देतायत."

भागीरथाबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

"कावून? तिनं काय केलं?"

"तिने तुमचं नाव नाही सांगितलं."

आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते. खरं लिहिलं तर नीलम चोरीतून सुटणार होती आणि शालूसकट बारा जणांची गोळी बंद होणार होती. नाही लिहिलं तर एका निरपराध पोरीच्या माथी चोरी बसणार होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी फार वेळा खरं लिहिलं आहे. इतका कंटाळा त्याचा कधी आला नव्हता.

"शनवारी किती वाजता हाये?" बाईंनी विचारलं.

५

शनिवारी अकरा वाजता बैठक सुरू झाली तेव्हा कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन बसलेला होता. नीलम दाराशी उभी. मी माझा कागद वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीवर असतानाच दार उघडलं. भागीरथाबाई आत आल्या, पाठीमागे नत्थुजी. बाईंनी डबा टेबलावर ठेवला, समोशांच्या बशीशेजारी.

"हे माह्या हातचं काम हाये," त्या म्हणाल्या. "पोरीचं नाव कावून खराब करता? माहं लिवा."

कंपनीच्या माणसाने डब्यात डोकावून पाहिलं. "तुम्हाला कळतंय का, बाई, तुम्ही किती नुकसान केलंत? औषध काम करतं की नाही, तेच आता या गावापुरतं कळणार नाही."

"तुमाले नाई कळनार, व्हय. त्याची माफी मांगतो मी. आमाले वाटलं, औषध हाये तं वाटून घ्यावं. तुमच्या कामात खोट येईन, हे ध्यानात नाई आलं."

 डॉ. रागिणींनी मान खाली घातली होती.

दुपारपर्यंत निकाल लागला. नीलमवर चोरीचा ठपका नाही, पण माहिती लपवल्याबद्दल लेखी ताकीद आणि गावाचं काम बंद. आता ती इथेच कागद सांभाळणार. आठ गावांत अभ्यास चालू. खारपिंप्रीचे बारा जण बाहेर. त्यांची तपासणी आणि नेहमीची औषधं रुग्णालय फुकट देईल, आणि नवी गोळी पास झाली तर ती पहिल्यांदा या बारा जणांना मिळेल, हे मी टेबल आपटून लिहून घेतलं. टेबल आपटणं तेवढं मला येतं.

"पास व्हायले किती दिवस लागतीन?" नत्थुजींनी विचारलं.

"दोन वर्षं," डॉक्टर म्हणाल्या. "कमीत कमी."

नत्थुजींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मधेच सोडून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर भागीरथाबाई बसल्या होत्या. नीलम त्यांच्या पायाशी बसून त्यांची सूज दाबून पाहत होती. बोट उचललं तरी खळगा तसाच राहत होता. मला पाहून ती उठली. "दादा, मी चहा सांगतो," म्हणून डोळे पुसत गेली. मी बाईंच्या शेजारी बसलो.

माझ्या खिशात बैठकीत मिळालेली, पाकिटातली खारपिंप्रीची यादी होती. बाटली क्रमांक एकशे सतरा, भागीरथा सरकटे. त्या बाटलीतली गोळी खरी होती. बाईंना पूर्ण औषध मिळत होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने निम्मं केलं होतं. हे त्यांना सांगायची मला परवानगी नव्हती. असती तरी सांगवलं नसतं. निदान हा पश्चात्ताप तरी त्यांना नको, असं मी मनाशी ठरवलं.

"साहेब," त्या चपलेकडे बघत म्हणाल्या, "पयल्या म्हयन्यात, डबा करायच्या आंधी, ज्याची बाटली त्याच्याजवळ होती. तवा माही सूज उतरली होती. दोन वर्षानं ह्या चपला पायात आल्या, पट्टे न कापता. शालूची सूज तशीच होती. नत्थुजीची तशीच."

मी बाकावर त्यांच्याकडे वळलो.

"म्हणजे तुम्हाला..."

"मले ठाऊक होतं का माही खरी हाये. म्हनूनच तं डबा काढला." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकणात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. "शालूचं लेकरू अंगावर पिते अजून. माह्या दारी टँकर उभा करून मी एकटीनं कसं भरावं?"

झाकणातलं पाणी मी सगळं प्यायलो. त्यांनी ते परत लावलं, कापलेल्या पट्ट्यांच्या चपला पायात सरकवल्या आणि नत्थुजींना हाक मारली. दर्यापूरची गाडी दोन वाजता होती, आणि संध्याकाळी टँकर येणार होता.